पिरोजा कुठचा?

एप्रिल उजाडला की आमच्या जयगडात माणसाची पारख मागे पडते आणि आंब्याची सुरू होते. फळ तळहातावर घ्यायचं, देठाशी नाक न्यायचं, अंगठ्याने साल जराशी चाचपायची, की निकाल तयार : ‘हा आपला नव्हे. घाटापलीकडचा.’ पेटीवर ‘अस्सल रत्नागिरी’ छापलेलं असेना का, आत रत्नागिरीचाच पेंढा भरलेला असेना का, नाकापुढे कागद चालत नाही. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या पंगतीला रायगड, ठाणे, पालघरही बसवले गेले. ती बातमी वाचून आमच्या धाकट्या काकांनी पेपर घडी करून ठेवला आणि ‘पालघर?’ एवढंच म्हणाले. त्या एका शब्दात अपिलाचा सगळा मजकूर होता.

सांगायचं असं, की कुठली वस्तू कुठची हे आपल्याला कळतं, अशी आमच्या घराची ठाम समजूत आहे. सुरमई रात्रीच्या जाळ्यातली की बर्फातून आलेली, आमसुलं घरची की बाजारची, नवी सून खाडीच्या अलीकडची की पलीकडची (पलीकडची म्हणजे तवसाळकडची, मध्ये फेरीबोट आहे, तरी फरक आहे), हे सगळं इथे चहा व्हायच्या आत ठरतं. त्यामुळे आत्याच्या अंगठीतला निळा खडा कुठचा, हा प्रश्न निघाला तेव्हा कुणालाच तो अवघड वाटला नाही. प्रत्येकाकडे उत्तर होतं. अडचण एवढीच, की उत्तरं पुष्कळ निघाली आणि खडा एकच.

प्रश्न निघाला पुण्यात. पुतणीचं लग्न ठरलं, आत्याने आपली अंगठी तिला द्यायचं ठरवलं, आणि वहिनी ती नव्याने घडवायची म्हणून पुण्याला एका पेढीवर घेऊन गेली. तिथल्या मुलाने भिंग लावून पाहिलं. “पिरोजा आहे. छान आहे. कुठचा म्हणायचा हा?” वहिनी म्हणाली, “सासरचा.” तेवढ्याने भागेना. इराणी असला तर एक भाव, तिबेटी असला तर दुसरा, अमेरिकी असला तर तिसरा, असं त्याने सांगितलं. वहिनी अंगठी तशीच परत घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवली. मी शाळेत भूगोल शिकवला, तेवढ्या भांडवलावर चौकशी माझ्याकडे. भूगोलाच्या मास्तराला नकाशा कळतो, दगड कळतोच असं नाही, हा भेद घरात कुणी मानत नाही.

अंगठी चांदीची, जाडजूड. खडा करंगळीच्या नखाएवढा, आकाशी, एका कडेला हिरवट झाक, आणि मधून एक तपकिरी शीर वळत गेलेली.

आत्याचं म्हणणं सरळ. आजोबा बी. आय. कंपनीच्या बोटीवर होते. मुंबई सोडली की कराची, मस्कत, बंदर अब्बास, बुशहर करत बोट बसऱ्याला लागायची. अंगठी बसऱ्याची. “मी काय खोटं सांगत्ये?” काकांचं म्हणणं वेगळं. आजी काशीला गेली होती, तिथून पुढे पशुपतिनाथाला, आणि तिथे एका तिबेटी बाईकडून तिने खडा घेतला. पुरावा काय? तर आजोबांनी आजीसाठी कधी काही आणल्याचं काकांना आठवत नाही. हा पुरावा नकारात्मक असला तरी वजनदार आहे, हे आजोबांना ओळखणारं कुणीही कबूल करेल. पुतण्या सध्या बोटीवर, त्याने फोटो मागवला आणि भर समुद्रातून कळवलं : “स्लीपिंग ब्यूटी. ॲरिझोना. शंभर टक्के.” शेजारच्या चाचांची उमर कुवेतला गेली. त्यांनी खडा उजेडात धरला, अंगठी बोटात घालून पाहिली, काढली आणि म्हणाले, “नेशापुरी. ह्यात बोलायचं काय हाय, मास्तर?”

आणि मग काकांनाच नवं सुचलं. “इथलाच नसेल कशावरून? जिल्ह्याच्या नावात रत्न आहे.” हा विनोद इथली शाळेतली पोरंही करतात, पण काका विनोद करत नव्हते. तेव्हा सुरुवात इथूनच करू.

जयगडची जमीन म्हणजे वर जांभा, खाली काळा कातळ. कातळ हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचलेल्या लाव्ह्याचा. त्यावर कोकणचा पाऊस लाखो वर्षं कोसळला. विरघळण्यासारखं जे जे होतं ते धुऊन समुद्राला मिळालं आणि मागे लोखंड-ॲल्युमिनियमचा तांबडा, भोकाभोकांचा सांगाडा उरला. त्याचेच चिरे काढून आपण घरं बांधतो आणि विजापूरकरांनी खाडीच्या तोंडावर किल्ला बांधला. मालगुंडपासून काळबादेवीपर्यंतच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आहे, त्यातून टायटॅनियम निघतं. ते रंगकामाला उत्तम, अंगठीला निरुपयोगी.

पिरोज्याला लागतं तांबं, ॲल्युमिनियम आणि फॉस्फरस. तिघं एका जागी असून चालत नाही, त्यांची गाठ घालून द्यायला पाणी लागतं, आणि तेही बेताचं. तांब्याच्या खनिजांवरून थोडंथोडं पाणी झिरपत खाली उतरतं, जाताना तांबं विरघळवून नेतं, खडकाच्या भेगांत ॲल्युमिनियम आणि फॉस्फेटला गाठतं आणि तिथे निळं काही तरी साकळत राहतं. म्हणून नावाजलेल्या बहुतेक खाणी कोरड्या मुलखात आहेत : इराणात खोरासान (चाचांचं नेशापूर तिथलंच), इजिप्तकडे सिनाई, अमेरिकेत ॲरिझोना, नेवाडा, न्यू मेक्सिको. आमच्याकडे वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. इथे तांबं असतं तरी त्याला भेगेत बसायला उसंत मिळाली नसती, थेट खाडीत गेलं असतं. आणि मुळात तांबं नाहीच.

वहिनी माहेरची पुण्याची. तिने वाघोलीचं नाव काढलं. “आमच्याकडे खाणीत निळा दगड सापडतो, परदेशातनं लोक घ्यायला येतात.” हे अगदी खरं आहे. त्याचं नाव कॅव्हनसाइट. ते पहिल्यांदा सापडलं अमेरिकेत ओरेगॉनला, पण जगभरच्या संग्रहालयांत मिरवतं ते वाघोलीचं. त्यात कॅल्शियम आणि व्हॅनेडियम. दगडाच्या पोकळीत झगझगीत निळ्या काटेरी गोळ्यांच्या रूपात ते बसलेलं असतं. अंगठीत घालून भांडी घासावीत असा त्याचा पिंड नव्हे. वाघोली रद्द झाली. वहिनीला वाईट वाटलं, पण घरात पहिल्यांदाच एका गोष्टीवर एकमत झालं : खडा इथला नाही.

आता, इथला नाही म्हणजे खरा आहे, असं मात्र होत नाही. पिरोज्याची नक्कल करणं हा फार जुना आणि फार कष्टाळू धंदा आहे. हाऊलाइट नावाचा पांढरा दगड घेतात, त्यात काळ्या शिरा देवानेच घातलेल्या असतात, फक्त निळ्या रंगात बुडवायचा. मॅग्नेसाइटचंही तेच, तो आपल्या सेलमच्या टेकड्यांतही निघतो. खऱ्या पिरोज्याचा चुरा राळेत कालवून वड्या पाडतात. १९७२ साली पिएर गिल्सन या फ्रेंच गृहस्थाने प्रयोगशाळेत पिरोजा करून बाजारात आणला. आणि मध्ययुगात फ्रान्समधले मठवासी जमिनीतून निघालेले मॅस्टोडॉनचे दात भाजून निळे करत. मॅस्टोडॉन म्हणजे हत्तीच्या नात्यातला, कधीच नामशेष झालेला प्राणी. हे मी सांगितलं तेव्हा आत्या उजव्या हाताने डावी मूठ झाकून म्हणाली, “म्हणजे मी इतकी वर्षं दात घालून फिरत्ये?”

परीक्षा असतात. वहिनीच्या नेलपॉलिश काढायच्या औषधात कापसाचा बोळा बुडवून खड्याच्या मागच्या कडेला हलकेच फिरवला. बोळा निळा झाला नाही. (हे घरी करू नये, खऱ्या खड्याला मेण लावलेलं असलं तर तेही निघून येतं. आम्ही कडेला, आणि आत्या देवघरात असताना केलं.) दुसरी परीक्षा तापल्या सुईची. प्लॅस्टिक असेल तर वास येतो. “सुई माझ्या बोटाला लाव, खड्याला नको,” असं आत्याने म्हटल्यावर ती परीक्षा रद्द. चाकूचं टोक हाऊलाइटवर सहज उमटतं, चांगल्या पिरोज्यावर सहसा नाही. पण चाकू पाहून आत्याचा चेहरा असा झाला, की मी त्याने लिंबू कापलं.

असली-नकलीच्या या घोळातून बादशहासुद्धा सुटलेले नाहीत. दाभोळ आमच्यापासून काही फार लांब नाही. ते बहमनी राज्याचं मोठं बंदर होतं, आणि बहमनी सुलतानांचं सिंहासन म्हणजे ‘तख्त-ए-फिरोजा’. तेलंगणच्या राजाने पहिल्या मुहम्मदशाह बहमनीला, म्हणजे चौदाव्या शतकात, ते नजर केलं. विजापुरात बसून इतिहास लिहिणाऱ्या फरिश्त्याने त्याचं वर्णन केलं आहे : आबनुसाच्या लाकडाचं, नऊ फूट लांब, तीन फूट रुंद, सोन्याच्या पत्र्याने मढवलेलं. प्रत्येक नवा सुलतान त्यावर थोडी रत्नं चढवत गेला. शेवटी महमूदशाहाच्या काळात सुरया-प्याले करायला ती रत्नं काढली, तेव्हा जवाहिऱ्यांनी तख्ताची किंमत एक कोटी होन धरली. मग त्यात पिरोजे किती होते? फरिश्ता सांगतो, की तख्ताचा काही भाग आकाशी मिन्याचा होता, म्हणून ते नाव पडलं; पुढे रत्नांची इतकी दाटी झाली, की तो मिनाही दिसेनासा झाला. म्हणजे पिरोज्याच्या नावाने गाजलेल्या तख्तावर निळं जे होतं ते मिनाकाम, आणि तेही झाकलेलं. काकांनी सारांश काढला : “खुर्चीला रंग दिलेला होता.”

खडा खरा आहे असं धरून पुढे जाऊ. लोक रंगावरून गाव सांगतात. निर्मळ आकाशी असेल तर नेशापूर. हिरवट आणि काळ्या शिरांचा असेल तर तिबेट. शिरांचं जाळं असेल तर नेवाडा किंवा चीनचा हुबेई प्रांत. ऐकायला हे हापूसच्या नाकाइतकंच पक्कं वाटतं. पण आंब्याचं नाक चालतं, कारण आंबा दोन-चार ठिकाणचाच असतो आणि आठवड्यात संपतो. पिरोज्याची एकच खाण निळे, हिरवे, शिरांचे, बिनशिरांचे सगळे प्रकार काढते, आणि खडा हजार वर्षं टिकतो. तांबं जास्त तर निळाई, लोखंड शिरलं तर हिरवाई, एवढंच रंग सांगतो. लोखंड कुठल्या गावचं हे नाही सांगत. पुतण्याची स्लीपिंग ब्यूटी तर याचं उत्तम उदाहरण. ॲरिझोनात ग्लोब गावाजवळच्या त्या खाणीतला खडा इतका स्वच्छ निळा, की भलेभले त्याला इराणी समजतात. आमच्या खड्यात शीर आहे. शिवाय ती खाण नावारूपाला आली आजोबांची बोट सुटून किती तरी वर्षांनी. २०१२ साली तिथला पिरोजा काढणं थांबलंही. पुतण्याला हे कळवलं. त्याने अंगठा उंचावलेलं चित्र पाठवलं, ते त्याच्या पिढीचं शरणपत्र असावं.

त्यातून रंग हा पिरोज्यात कायमचा नसतोच. दगड सच्छिद्र, तेल, घाम, साबण जे लागेल ते पितो आणि हळूहळू हिरवा पडतो. वाळला तर फिकटतो. ही काळजी फार प्राचीन आहे. सिनाईत सेराबित-अल-खादिम इथे हाथोर देवीचं देऊळ आहे. तिला पिरोज्याची स्वामिनी म्हणत. तिथल्या एका शिलेवर हारवेरे नावाच्या अधिकाऱ्याने इसवी सनापूर्वी १८०० च्या सुमारास आपली कैफियत कोरून ठेवली आहे. त्याला तिसऱ्या अमेनेमहातच्या राज्यात खाणीवर पाठवलं ते भर उन्हाळ्यात, हंगाम नसताना. उन्हात डोंगर चटके देतात, पिरोज्याचा रंग उतरतो, माणसं कुरकुरतात. त्याने देवीवर हवाला ठेवून काम केलं, माल उत्तम निघाला, आणि मग आपण कसल्या अडचणीत कामगिरी फत्ते केली हे येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशा बेताने त्याने लिहवून घेतलं. सरकारी अहवालाचा इतका टिकाऊ नमुना दुसरा नसेल.

आत्याच्या खड्याची हिरवी कड कुठली, याचा विचार करताना मला तिचा हात आठवला. खोबरेल, नारळाचं दूध, मासे धुतलेलं पाणी, कपड्यांचा साबण. त्या कडेने अंगठी पाण्याकडे असायची. तेव्हा शीर कुठचीही असो, ती हिरवाई बहुधा जयगडची आहे. पुतण्याला ती अमेरिकी वाटली, काकांना तिबेटी.

राहता राहिले आत्या, काका आणि चाचा. इथे जरा नकाशा उघडावा लागतो, म्हणजे माझा प्रांत आला. बसऱ्यात पिरोजा निघत नाही. काठमांडूतही नाही. दोन्ही जागी तो विकतात. लडाखात बायका डोक्यावर पेराक घालतात. कपाळापासून पाठीपर्यंत उतरणाऱ्या कातड्याच्या पट्ट्यावर पिरोज्यांच्या रांगाच रांगा, आणि तो आईकडून थोरल्या मुलीकडे जातो. त्या मुलखात आलेल्या खड्यांपैकी कित्येक काफिल्यांबरोबर इराणच्या बाजूने, मध्य आशियातून आले. म्हणजे पशुपतिनाथाची ती तिबेटी बाई खरी, तिचं दुकान खरं, आणि खडा नेशापूरचा, असंही होऊ शकतं. आत्या आणि काका भांडतात ते विकत घेतल्याच्या जागेवरून. चाचा बोलतात खाणीबद्दल. तिघं एकाच वेळी बरोबर ठरू शकत नाहीत, पण चाचा आणि या दोघांपैकी कुणीही एक ठरू शकतात, हे मी फळ्यावर काढतात तसं काढून दाखवलं. त्यावर तिघांचाही विश्वास बसला नाही.

नेशापूरवाल्यांनीही या बाबतीत गोंधळ कमी केलेला नाही. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए सतराव्या शतकात इराण-हिंदुस्थानच्या वाऱ्या करत होता. तो लिहितो, की पिरोज्याचे दोन खडक आहेत, जुना आणि नवा. जुना मशहदपासून तीन दिवसांच्या वाटेवर, नेशापूरजवळ, आणि तिथला माल शहाने स्वतःसाठी राखून ठेवलेला. नव्या खडकाचा खडा पांढरट, कमी मोलाचा. यात शहाणपणाची मेख अशी, की जुन्या खडकाचा माल विकायला बंदी असली म्हणजे बाजारातला प्रत्येक विक्रेता तुमच्या कानाशी येऊन तो जुन्याच खडकाचा असल्याचं सांगणार. पुढे इराणात खड्यांच्या तीन प्रती पाडल्या. सर्वांत वरची अंगुश्तरी, म्हणजे अंगठीला शोभणारी, मग बारखाने, आणि सर्वांत खालची अरबी. अरबी प्रतीचा पिरोजा अरबस्तानात निघालेला नव्हे. इराणात जो खपत नसे तो तिकडे धाडायचा. चाचांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसले. “कुवेतात आमालाच विकला असंल.”

नेशापूरहून माल दक्षिणेकडे उतरायचा होर्मुझला. तिथून घोडे, मोती, पिरोजे जहाजात चढून चौल, दाभोळ, गोव्याला यायचे. जयगडची खाडी याच रांगेतली. शास्त्री नदीच्या पाण्याने लहान गलबतं आत संगमेश्वरापर्यंत जात. होर्मुझवर आणि गोव्यावर, दोन्हींवर पोर्तुगीज झेंडा लावला तो अफोन्सो दे अल्बुकर्कने. याच माणसाचं नाव आपण आंब्याला लावून वर्षानुवर्षं खातो, असं म्हणतात. आमच्या घरातल्या ज्या नाकांना घाटावरचा आंबा चालत नाही, त्यांच्या लाडक्या आंब्यावर पोर्तुगालच्या माणसाचं नाव आहे, हे काकांना सांगायचं की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही. पालघर अजून त्यांच्या घशाखाली उतरायचा आहे.

आता शास्त्राचं. खड्यातलं पाणी, हा मला यातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. पिरोज्याच्या वजनाचे १७-१८ टक्के म्हणजे पाणी, स्फटिकात बांधलेलं. दगड तयार होताना तिथे जे झिरपत होतं त्याचाच हा अंश. पाण्यातल्या हायड्रोजनचे दोन भाऊ असतात, एक हलका, एक जड. त्यांचं प्रमाण त्या जागेच्या पावसाप्रमाणे बदलतं. तांब्याचेही ६३ आणि ६५ असे दोन भाऊ. ही दोन्ही प्रमाणं मोजली, तर खाणीची ओळख पटण्याची आशा असते. यंत्राने केसापेक्षा लहान ठिपका उडवून मोजमाप होतं. अमेरिकेत संशोधकांनी या वाटेने बरंच काम केलं आहे. पण यात एक अट आहे : जिच्याशी ताडून पाहायचं, त्या प्रत्येक खाणीचे नमुने आधी मोजून ठेवलेले हवेत. ज्या खाणीचे नाहीत, तिचा खडा आला तर यंत्र फार तर एवढंच म्हणेल, की हा माझ्या ओळखीचा नाही.

ओळख पटवण्यात तज्ज्ञही किती काळ एका वाटेने जातात, याची मेक्सिकोची गोष्ट चांगली आहे. ॲझटेक लोकांचे पिरोज्याचे मुखवटे आणि ढाली जगप्रसिद्ध. त्यांचा दगड आजच्या अमेरिकेच्या नैर्ऋत्येतून, न्यू मेक्सिकोकडच्या खाणींतून वाळवंट ओलांडून येत असे, असं अभ्यासक किती तरी दशकं मानत होते; त्यावरून व्यापारमार्गांचे नकाशे काढले गेले. मग मेक्सिको शहरातल्या त्यांच्या महामंदिरात सापडलेल्या तुकड्यांमधल्या शिशाची आणि स्ट्राँशियमची समस्थानिकं, म्हणजे मघाचे तसलेच भाऊ, मोजली गेली. निष्कर्ष आला, की दगड तिकडचा नव्हे; मेसोअमेरिकेतलाच, त्यांच्या आसपासचा. हे छापून आलं २०१८ साली, म्हणजे आमच्याकडे हापूसचं मानांकन आलं त्याच वर्षी. नकाशे काढणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती आहे. बाण काढायला सोपा असतो, खोडायला फार रबर लागतो.

आमच्या खड्याला इतकी यात्रा परवडणारी नव्हती. तो मुंबईच्या एका रत्नपरीक्षा प्रयोगशाळेत जाऊन आला. कागद आला : नैसर्गिक पिरोजा, मेणाचा हात फिरवलेला, घनता अमुक, वक्रीभवनांक तमुक. मूळ ठिकाण असा रकानाच नव्हता. आत्याने कागद दोन्ही बाजूंनी पाहिला. “एवढे पैसे घेतले, आणि बसरा लिहायला शाई संपली?”

मुंबईला धाडण्याआधी खडा काढण्यासाठी अंगठी रत्नागिरीत रामआळीतल्या एका जुन्या सोनाराकडे दिली होती. खड्यात त्याला रस नव्हता. त्याने अंगठी पालथी केली, कोंदणाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं आणि म्हणाला, “हे काम आमच्याकडचंच. बसऱ्याला कशाला जायला पायजे?” खड्याने काही सांगितलं नाही ते त्याच्या भोवतीच्या चांदीने एका मिनिटात सांगितलं. मी घरी येऊन हे बोललो, तेव्हा आत्याला आठवलं, की हो, आजोबांनी खडा सुटाच आणला होता, कागदाच्या पुडीत. अंगठी मागाहून केली. काकांना त्याच वेळी आठवलं, की आजीनेही सुटाच आणला होता, पदराच्या गाठीला बांधून. दोघांच्याही आठवणी इतक्या वर्षांनी एकदम ताज्या झाल्या.

लग्नाची खरेदी थांबत नसते. पुण्याच्या पेढीने इराण-तिबेटचा नाद सोडून शेवटी सोन्याच्या वजनावर भाव सांगितला. खडा आपलाच असल्याने त्याचे पैसे नाहीत. नवी अंगठी झाली. वहिनी देण्याघेण्याच्या वस्तूंच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती, तिने या डबीवर लिहिलं : ‘पिरोजा. खरा. आत्यांकडून.’ आत्या म्हणाली, बसऱ्याचा लिही. काका म्हणाले, मग पशुपतिनाथाचाही लिही. चाचा आमंत्रणाची पत्रिका घ्यायला आले होते, ते म्हणाले, नेशापूर लिवलं की दोन्ही येतं. चिठ्ठी लहान. वहिनीने पेन उचललं, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि उरलेल्या जागेत लिहून टाकलं : ‘बाहेरगावचा.’

काकांनी चष्मा लावून वाचलं. “एवढं तर मी पहिल्या दिवसापासून सांगतोय,” ते म्हणाले.